मेहबूबभाईंचा आकडा

नाना पेठेत मोटारींच्या सुट्या भागांची दुकाने संपतात, तिथल्या एका बोळात मेहबूब तांबोळी यांचे गॅरेज होते. गॅरेज म्हणजे पत्र्याची शेड. एक गाडी आत मावे, दुसरी आली तर बोळातच उभी राही. कार्बुरेटर हा मेहबूबभाईंचा विषय. पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण जमवताना ते मडगार्डवर हात टेकून, मान जराशी कलती करून ऐकत. त्या वेळी गिऱ्हाईक बोलायला लागले तर ते त्याला कोपऱ्यावर जाऊन चहा घेऊन यायला सांगत. चहा ज्याचा त्याने घ्यायचा.

पुढे नव्या गाड्या आल्या आणि त्यांत कार्बुरेटरच नव्हता. मिश्रण ठरवायला एक लहानसा कॉम्प्युटर असे आणि तो मेहबूबभाईंचे काही ऐकत नसे. दोन हजार सात साल उजाडेपर्यंत आठवड्याला तीन-चार गाड्या आल्या तरी खूप, अशी वेळ आली. कोंढव्यात मुलाचे, तौफिकचे, मोबाइलचे दुकान होते. अब्बांनी आता गॅरेज बंद करून माझ्या दुकानात बसावे, असे तो वर्षभर म्हणत होता, आणि मेहबूबभाईंच्या पत्नी नसीमबानूंनाही ते पटले होते.

मेहबूबभाईंनी त्यांना सांगितले, “ओव्हाळसाहेबांची गाडी तेवढी होऊ दे. ती जमली तर मी इथेच. नाही जमली तर तौफिकच्या दुकानात.”

दशरथ ओव्हाळ पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. त्यांची जुनी पद्मिनी अठरा वर्षे मेहबूबभाईंकडेच येत होती. त्यांचा मुलगा चेतन खराडीला एका सॉफ्टवेअर कंपनीत होता. त्याने वडिलांच्या मागे लागून पद्मिनीचा कार्बुरेटर काढायला लावला आणि जिचे सगळे आकडे आपल्याला बदलता येतात अशी एक कॉम्प्युटरची पेटी परदेशातल्या मित्राकडून मागवली. वायरिंग चेतनने केले, बाकीची जोडणी मेहबूबभाईंनी.

लॅपटॉपवर पाढ्यांच्या तक्त्यासारखा तक्ता उघडे. इंजिन इतक्या वेगाने फिरते आहे, त्यावर इतका भार आहे, तर इतके पेट्रोल द्या, असा प्रत्येक चौकटीत एक आकडा. सलग तीन रविवार मेहबूबभाई गाडी चालवत आणि चेतन शेजारी लॅपटॉप मांडीवर घेऊन बसे. “वाढव थोडं,” “अजून,” “बास.” मग गाडी कडेला घेऊन मेहबूबभाई स्पार्क प्लग काढत. काळा असला तर पेट्रोल जास्त, पांढरा असला तर कमी, दुधाच्या चहाच्या रंगाचा असला तर बरोबर. दिवेघाटाच्या चढावर, मिनिटाला सत्तावीसशे फेऱ्यांच्या चौकटीत, आजूबाजूला सदुसष्ट, अडुसष्ट असताना त्यांनी आकडा शहात्तरपर्यंत नेला. इथे ही जास्त खाते, एवढेच ते म्हणाले. तिसऱ्या रविवारी त्यांनी गाडी ओव्हाळांच्या हवाली केली.

पुढच्या रविवारी ओव्हाळ पत्नीला घेऊन लेकीच्या सासरी सासवडला निघाले. सातव्या महिन्यातल्या कल्याणीला बाळंतपणासाठी माहेरी आणायचे होते. सोमवारी सकाळी पद्मिनी दोरीने ओढत गॅरेजसमोर आली. मागोमाग ओव्हाळ रिक्षातून उतरले.

“मेहबूब, गाडी उत्तम झाली आहे,” ते म्हणाले. “उतारावर तर फारच छान जाते.”

दिवेघाटाच्या पहिल्याच चढाला इंजिन खडखडू लागले होते, मग तापले, आणि अर्ध्या घाटात बंद पडले. व्याही दारात वाट पाहत उभे, आणि ओव्हाळ पती-पत्नी सीताफळांच्या टेम्पोतून उतरली. कल्याणीला आणायचे तसेच राहिले. तुझे वय झाले, असे ओव्हाळ तोंडाने म्हणाले नाहीत. जाताना एवढेच म्हणाले, की कार्बुरेटर ठेवला असेल तर परत बसव.

मेहबूबभाईंनी प्लग काढला. तो खडूसारखा पांढरा होता. इंजिन पेट्रोलवाचून उपाशी चढले होते. त्यांनी पंप पाहिला, फिल्टर पाहिला, नळ्या फुंकून पाहिल्या. सगळे ठीक होते. म्हणजे चूक मिश्रणाची, आणि मिश्रण त्यांच्या कानाने ठरवलेले. डाव्या कानाने आपल्याला कमी ऐकू येते, हे त्यांना सहा महिन्यांपूर्वीच कळले होते. ते त्यांनी कोणाला सांगितले नव्हते. दुपारचा डबा त्यांनी उघडला नाही.

संध्याकाळी चेतन ऑफिसमधून थेट गॅरेजला आला. त्याच्याबरोबर ओव्हाळही होते. मेहबूबभाईंना इंग्रजी वाचता येत नसे. त्यांनी चेतनला चढाची ओळ मोठ्याने वाचायला सांगितली.

“पासष्ट, सहासष्ट, सदुसष्ट, अडुसष्ट, अडुसष्ट...”

“थांब. तिथे शहात्तर होतं.”

मग चेतनने सांगितले. शुक्रवारी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत त्याने तक्त्याचा आलेख काढून पाहिला होता. सगळी रेघ सरळ चढत होती आणि मध्येच एक टेंगूळ. आपल्याकडूनच टाइप करताना सहा-सातची उलटापालट झाली असणार, असे त्याला वाटले. त्याच्या कामात असे टेंगूळ म्हणजे चूकच असते. रेघ सारखी करायचे एक बटण होते, ते त्याने दाबले. घरी येऊन नवा तक्ता गाडीत भरला.

“ग्राफ नीट दिसत नव्हता, चाचा.”

“म्हणजे तुझा ग्राफ नीट दिसावा म्हणून आम्ही दोघं व्याह्यांच्या दारात टेम्पोतून उतरलो,” ओव्हाळ म्हणाले.

मेहबूबभाई टायरवर बसले. इतक्या वर्षांच्या धंद्यात त्यांनी माणसांना याहून लहान कारणांसाठी झापले होते. पण त्या क्षणी त्यांना राग आलाच नाही. आकडा चुकला नव्हता. कानही नाही.

“तुला टेंगूळ दिसलं,” ते म्हणाले. “मला ते घाटात ऐकू आलं होतं. पुसायच्या आधी एक फोन करायचा, बेटा.”

चेतनने शहात्तर परत लिहिले. ओव्हाळांचा लगेच विश्वास बसणार नव्हता आणि मेहबूबभाईंनी तो मागितलाही नाही. रविवारी तिघेही दिवेघाटात गेले. मेहबूबभाई गाडी चालवत होते, ओव्हाळ मागे पाण्याचा कॅन घट्ट धरून बसले होते. सत्तावीसशे फेऱ्या आल्या, गेल्या, इंजिन एका लयीत चढत राहिले. माथ्यावर मेहबूबभाईंनी सवयीने प्लग पाहायला गाडी कडेला घेतली.

“थांबतोस कशाला?” मागून आवाज आला. “सासवडला कल्याणी पिशवी भरून बसली आहे. प्लग तिच्या दारात बघ. व्याह्यांनाही बघू दे.”

त्या आठवड्यात तौफिकने दुकानासाठी दुसरा माणूस शोधला. दिवाळीनंतर चेतनच्या ऑफिसातल्या दोघांनी आपापल्या गाड्या नाना पेठेत आणल्या. चेतनही अधूनमधून खराडीहून फोन करी, की अमुक चौकटीतला आकडा जरा विचित्र दिसतो, बदलू का? मेहबूबभाई विचारत, गाडी चालू आहे का. नाही, मी ऑफिसात आहे, असे तो म्हणे.

“मग मला कसं कळणार? रविवारी घेऊन ये,” असे म्हणून ते फोन ठेवत.