स्तंभावरचा आचारी

“निजामाविरुद्ध लढलेल्यांच्या स्तंभावरून आजोबांचं नाव पुसणार, आणि तू गप्प?” हर्षवर्धन आईवर तडकला.

“पुसू दे की. ते निजामाच्याच फौजेत भात शिजवायचे,” इंदुताई म्हणाल्या.

“मग दरवर्षी स्टेजवरून त्यांचं शौर्य कशाला सांगायचीस?”

“हे मुकुंदराव हातात माईक द्यायचे. मग काय, त्यांच्या खट्ट्या डाळीवर बोलू?”

स्तंभ समितीचे मुकुंदराव समोरच चहा पीत होते. “ताई, वाद मिटवतो, नाव राहू देतो. यंदाही बोलाल ना?”

दरवर्षी सतरा सप्टेंबरच्या मुक्तिदिनाचं ते खोटं भाषण जवळ आलं की इंदुताईंच्या घशाखाली घास उतरत नसे. आज मात्र त्या पोटभर जेवल्या होत्या. त्यांनी भाजीची पिशवी उचलली, चपला पायात सरकवल्या आणि हसत विद्यानगरच्या बाजाराकडे निघाल्या.