हातमागाच्या खोलीतली ओल

माझे सासरे, म्हणजे अप्पा, वडगावात एकटे राहतात. आयुष्यभर त्यांनी हातमागावर साड्या विणल्या. गुडघे गेले तेव्हा माग विकला आणि मागाच्याच खोलीत पलंग टाकला. खोली दहा फूट बाय चौदा, खिडकी एकच. उत्तरेच्या भिंतीपलीकडे दीड फुटाचा बोळ आणि मग शेजाऱ्यांचं घर. मापं सांगतोय, कारण पुढे या मापांशीच काम पडलं.

गेल्या आषाढात अप्पांचा खोकला हटेना. उत्तरेच्या भिंतीवर काळी बुरशी आली आहे हे ऐकून डॉक्टर म्हणाले, भिंत सुकवा, नाहीतर ती खोली सोडा. आमचा फ्लॅट टिळकवाडीत. बायकोने लगेच तिथल्या कपाटाचे दोन कप्पे वडिलांसाठी रिकामे केले. अप्पा ऐकेनात.

"तिथं दाराबाहेर वळखीचं कोन हाय? लिफ्टमधल्या आरशासंगं बोलत बसू व्हय?"

बरीच वादावादी होऊन ठरलं की गणपतीपर्यंत भिंत सुकली तर अप्पा वडगावात राहतील. नाही सुकली तर मुकाट टिळकवाडीला येतील.

मी टेप घेऊन भिंत मोजली. तळाचे साडेतीन फूट कोरडे होते, म्हणजे ओल जमिनीतून चढत नव्हती. काळे ठिपके त्याच्या वर, छताच्या कोपऱ्यात दाट, आणि सगळ्यात जास्त लोखंडी कपाटाच्या मागे. बोळात शेजाऱ्यांच्या न्हाणीचा पाइप उतरतो. अप्पांचं मत आधीच झालेलं होतं.

"पावणं, ते त्यांच्या न्हाणीचं पानी. दुसरं काय न्हाय. जावा, सांगा जावा त्येंना."

मलाही तसंच वाटत होतं. मी चप्पल घालायला लागलो तर बायको दारात आडवी उभी.

"अहो, पाणी कुठनं येतंय ते आधी बघू या. मग खुशाल भांडा."

तिने हातभर भिंत पुसली, टेबलफॅन लावून सुकवली, आणि पोळ्या गुंडाळायच्या चंदेरी कागदाचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टी लावून तिथे बसवला. पाणी भिंतीतून येत असेल तर कागदाच्या मागे जमेल, खोलीतल्या हवेतलं असेल तर पुढे. दोन दिवसांनी आम्ही परत गेलो. कागदावर पुढच्या बाजूने दव पडल्यासारखे थेंब होते. तिने कागद सोलून मागची बाजू अप्पांच्या हातात दिली. ती कोरडी ठणठणीत होती.

"पाणी आपलंच हाय, अप्पा."

"आपलं कुठलं? मी काय भितीवर तांब्या वततोय?"

ती त्यावर वाद घालत बसली नाही. त्या दिवशी ती तिथेच राहिली आणि खोलीत काय काय होतं ते बघत राहिली. अप्पांनी बंबाच्या कढत पाण्याने अंघोळ केली तेव्हा न्हाणीचं दार उघडंच होतं. सगळी वाफ खोलीत आली. मग धुतलेलं धोतर, टॉवेल, चादर असं सगळं त्यांनी खोलीतल्या बांबूवर वाळत घातलं. पूर्वी त्या बांबूवर सुताच्या लड्या असायच्या. आणि खिडकी बंद. नुसती बंद नाही, फटीफटीत चिंध्या ठासून भरलेल्या. वारं लागलं की धागा सुकतो आणि तुटतो, म्हणून विणकराच्या घरात मागावर वारं येऊ देत नाहीत. अप्पांच्या वडिलांनीही तेच केलं होतं.

हे सगळं तिच्या लक्षात आलं होतं, तरी ती वडिलांना 'तुमचं चुकलं' म्हणाली नाही. चहा देताना सहज विचारलं, "अप्पा, माग इकून किती वर्सं झाली हो?"

"झाली की आठ." त्यांनी बशीत चहा ओतला. मग खिडकीकडे बघितलं. "आठ वर्सं माग न्हाय घरात, आनि मी अजून धाग्याला वारं लागू देईना." आणि हसू लागले. हसता हसता खोकला आला. तो थांबल्यावर लेकीला म्हणाले, "आक्का, पेचकस आन गं."

चिंध्या त्यांनी स्वतः उपसल्या. मला हात लावू दिला नाही. जन्मभराची सवय चहा निवायच्या आत सोडणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. आणि बापाला त्याची चूक त्याची त्यालाच सापडू देणारी लेकही.

बाकीचं काम साधं होतं. बायकोने नाकातोंडाला फडकं बांधून बुरशी ओल्या फडक्याने पुसून काढली. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढलं. बांबू घरामागच्या पत्र्याखाली गेला. न्हाणीला हवा बाहेर फेकणारा छोटा पंखा बसवला आणि अंघोळीला दार लावायचं ठरलं. मला एक शंका होती. बाहेरच धो धो पाऊस, तर खिडकी उघडून काय कोरडं होणार? म्हणून मी हवेतली ओल दाखवणारं छोटं यंत्र आणून टांगलं. पहिल्या दिवशी काटा नव्वदच्या पुढे होता. मुसळधार पावसात खिडकी उघडून खरंच फार फरक पडत नसे. पण पाऊस उघडला की तासभर उघडायची, हे जमल्यावर काटा पंच्याहत्तरच्या आसपास आला आणि तिथे राहिला. बंब आणि चादरी खोलीत ओततात ती ओल बाहेरच्या पावसापेक्षा जास्त होती, हे मला आकड्यानेच पटलं.

गणपतीच्या आधी बायकोने पुन्हा दोन दिवस कागद लावून ठेवला आणि आदल्या दिवशी सोलून बघितला. दोन्ही बाजू कोरड्या. कोपऱ्यात रुपयाएवढा एक डाग अजून आहे, त्याच्यावर माझं लक्ष आहे. खोकलाही पूर्ण गेलेला नाही, पण अप्पांना आता झोप लागते.

त्याच दिवशी बोळापलीकडच्या शेजारच्या वहिनी वाटीत करंज्या घेऊन आल्या. अप्पांनी वाटी घेतली आणि त्या गेल्यावर हळूच म्हणाले, "बरं झालं, तुमास्नी आक्कानं आडवलं. न्हायतर ह्या वर्सी करंजी कुठली?"

निघताना बाहेर भुरभुर सुरू झाली होती. अप्पा पलंगावर चादर ओढून पडले होते. मी सवयीने खिडकी लावायला हात नेला.

"ऱ्हाऊ दे, पावणं. येऊ दे जरा वारं."

घरी आल्यावर बायकोने ते दोन कप्पे पुन्हा आमच्या कपड्यांनी भरले.