एका नावाचे दोन सुतार

ती घटना आठवली की अजून माझं डोकं फिरतं. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, ते सगळं मी चहा पिता पिता शांतपणे सांगू शकतो. पण ही एक साधी फसवणुकीची केस सांगायला लागलो की बायको आतून म्हणते, "आवाज खाली घ्या, शेजाऱ्यांना वाटेल आपलं भांडण लागलंय." नावं कुणाचीच सांगणार नाही. सगळा घोळ नावांचाच होता.

दुसऱ्या महायुद्धाची लढाई नुकतीच संपली होती. मी वसई तालुक्यात नवा फौजदार. गावच्या शाळेतला मॅट्रिक, मिसरूड जेमतेम, आणि अंगात एक खोड: कुणाचाही आवाज काढायची. हेडमास्तरांचा काढला म्हणून शाळेत छड्या खाल्ल्या. ट्रेनिंगला साहेबाचा काढला म्हणून भर उन्हात परेड केली. खोड गेली नाही. ठाण्यावरचे जमादार तिथल्याच एका बागायतदार घरातले, माझ्या वडिलांच्या वयाचे. ते म्हणायचे, "साहेब, तुम्ही तमाशाच्या फडात जायचे, वाट चुकून इथं आलात."

एके दिवशी सकाळी हजेरी झाली, चहा आला, आणि दारात एक उंच माणूस येऊन उभा राहिला. नंदाखाल गावाच्या बाजूचा ख्रिस्ती सुतार, चाळिशीचा. घरची बोली त्याची वेगळी, पण आमच्याशी बोलताना ती जरा सरळ करून बोलायचा. लढाईत तो मुंबईला एका सरकारी डेपोत दारूगोळ्याच्या लाकडी पेट्या करायचा. लढाई संपली, पेट्या नकोत, मग सुतारही नको.

"सायब, मना नोकरी लागली," तो म्हणाला.

"मग पेढे आण की," जमादार म्हणाले.

"पन मी तर घरीच हाय."

बसवलं, सगळं नीट विचारून घेतलं. सरकारने तेव्हा मुंबईत नोकरीसाठी नाव नोंदवायची एक कचेरी काढली होती. लष्करातून सुटलेले आणि लढाईच्या कामावरून कमी केलेले, एवढ्यांसाठीच. डेपोने दिलेला सुटकेचा दाखला दाखवायचा, नाव नोंदवायचं, आणि कुठं जागा निघाली की पहिला नंबर दाखलेवाल्याचा. नोंदणी फुकट. आमचा सुतार तिथं गेला तेव्हा खिडकीवरच्या कारकुनाने नोंद काढून पाहिली. म्हणाला, "या नावाच्या सुताराला दोन महिन्यांपूर्वीच नोकरी दिलीय. परत कशाला आलात?"

"तो मी न्हवं," सुतार म्हणाला.

"मग तुम्ही तुम्ही आहात याला पुरावा काय? दाखला आणा."

दाखला त्याच्याकडे नव्हताच.

एवढं सांगून तो ओसरीवरच्या माठातलं पाणी प्यायला गेला. मला राहवलं नाही. त्याच्याच आवाजात, तशीच मान वाकडी करून मी जमादारांना म्हटलं, "सायब, मना नोकरी लागली." शिपाई हसायला लागले. वळून बघतो तर सुतार दारात.

"आवाज बराबर काढला, सायब," तो म्हणाला. "आता तक्रारपन लिवा."

मी खाली मान घालून फिर्याद लिहायला घेतली.

दाखला गेला कसा, ते ऐका. तिकडच्या ख्रिस्ती गावांत रविवारी देवळात, म्हणजे चर्चमध्ये, मिस्साची प्रार्थना संपली की फादर गावाच्या सूचना वाचतात. कुणाचं लग्न ठरलं, कुणाची गाय हरवली, विहीर कधी उपसायची. एका रविवारी त्यात एक नवी सूचना वाचली गेली. लढाईच्या कामावरून कमी झालेल्यांना नोकरी लागेपर्यंत सरकार घरबसल्या मदत देणार आहे, मूळ दाखले विरार स्टेशनाजवळच्या अमक्या खोलीत जमा करावेत. कोट घातलेला एक सभ्य माणूस टाइप केलेला, गोल शिक्का मारलेला कागद फादरच्या हातात देऊन गेला होता. फादरने विश्वासाने वाचला. आणि देवळात वाचलं म्हणजे खरंच, कारण तिथं आजवर खोटं काही वाचलंच गेलं नव्हतं. हिंदू गावांत त्याच माणसाने दवंडी पिटवली होती.

"मदत काय मिळणार, कधी मिळणार, कुणी विचारलं नाही?" मी म्हटलं.

"इचारलं. म्हनाला, वरच्या सायबांची मिटिंग चाललीय."

"घरी काय परिस्थिती?"

"रंधा इकला. करवत ठेवलीय." तो म्हणाला. "तीपन इकली तर उद्या काम भेटलं तरी करू कशानं?"

विरारच्या त्या खोलीला कुलूप होतं. घरमालक म्हणाला, महिन्याभरासाठी घेतली होती, गृहस्थ चांगले होते, रोज अंघोळ करून गंध लावायचे. दोन दिवसांत ठाण्याबाहेर रांग लागली. गोदीत काम केलेले खलाशी, लष्करी कपडे शिवलेले शिंपी, लढाईत डेपोत हमाली केलेला एक मिठागरवाला. मी एकेकाची जबानी घेत होतो आणि सगळ्यांची शेवटची ओळ एकच: मूळ दाखला दिला, परत मिळाला नाही. ज्याच्याकडे काहीच उरलं नाही त्याच्याकडचा तो शेवटचा कागद. तोही याने नेला. खिसेकापूसुद्धा खिशात काही आहे का, हे आधी बघतो.

तिसऱ्या दिवशी फादर स्वतः सायकलवरून आले. पांढरा झगा धुळीने लाल झालेला. टेबलासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "खोटं माझ्या तोंडून गेलं. मी काय करू ते सांगा."

मी तरुण होतो, जीभ आवरत नव्हती. म्हटलं, "फादर, लग्न ठरलं की तुम्ही नवरा-नवरीची नावं तीन रविवार वाचता ना, कुणाची हरकत असेल तर कळवा म्हणून? तशी ही नावं वाचा. या नावांची मुंबईत नोकरीशी परस्पर लग्नं लागलीत, नवरा कुणी पाहिलाय का?" आणि हे मी त्यांच्याच वाचायच्या सुरात म्हटलं. जमादारांनी डोळे मिटून घेतले.

फादर हसले नाहीत. म्हणाले, "येत्या रविवारपासून सुरू करतो. यादी द्या."

मुंबईला कामाला असलेली माणसं रविवारी गावी येतात, मिस्साला बसतात, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. पहिला रविवार कोरडा गेला. दुसऱ्या रविवारी दुपारी फादर एका विधवा बाईला टांग्यात बसवून घेऊन आले. ती मुंबईत एका कारखान्याच्या फाटकात चहा-पाव विकायची.

"यादीतल्या त्या सुताराच्या नावाचा मानूस आमच्या कारखान्यात हाय," ती म्हणाली. "नाव याचं, तोंड दुसऱ्याचं."

"कशावरून?"

"नाव ऐकलं तवा मना बरं वाटलं, आपल्यातला कुणी आला. इचारलं, कोनाचा रे तू, कुठल्या आळीचा? तर म्हनतो, वसईचा. वसईचा म्हंजे काय? किल्ल्यात रातोस?"

जमादार उठले आणि टोपी घालायला लागले. वसईचा माणूस वसईच्या माणसाला 'वसईचा' असं कधी सांगत नाही. आळी सांगतो, वाडी सांगतो, फार तर आजोबाचं टोपणनाव सांगतो.

दुसऱ्या दिवशी तिथल्या पोलिसांना कळवून आम्ही त्या कारखान्यात गेलो. सुताराला बरोबर घेतलं होतं. दुसरा सुतार फळी रंधत होता. किडकिडीत, घाटावरचा. आमचे गणवेश बघून त्याने रंधा बाजूला ठेवला, फळीवरचा भुसा फुंकला आणि म्हणाला, "दोन महिन्यांवर दिवस झाले, झोप नाही. बरं झालं आलात."

तोही खरा सुतारच. खाजगी कारखान्यात होता, तो बंद पडला. त्याच कचेरीच्या त्याच खिडकीवर गेला, तर सांगितलं, तुम्ही लढाईच्या कामावर नव्हता, तुमची नोंद होत नाही. "मी म्हटलं, लढाईचं काम नसलं तरी महागाई तर लढाईचीच आहे ना. तर म्हणाला, पुढचा या." कचेरीशेजारच्या खाणावळीत एक कोटवाला बसायचा. त्याने विचारलं, काय काम येतं? सुतारकाम म्हटल्यावर सुताराचा दाखला काढून दिला. बायकोच्या पाटल्या गेल्या त्यात.

आमचा सुतार हे सगळं ऐकत उभा होता. त्याने शिवी दिली नाही, अंगावर धावून गेला नाही. बाहेर आल्यावर मला एवढंच म्हणाला, "रंधा चांगला चालवतो."

कोटवाला त्याच खाणावळीत, वरणभाताचा घास तोंडात असताना सापडला. बाकाखाली पत्र्याची पेटी. पंच बोलावले, पेटी उघडली. आत दाखलेच दाखले, धंद्याप्रमाणे दोऱ्याने बांधलेले. सुतारांची जुडी, शिंप्यांची जुडी, फिटरांची जुडी. बाजारात भाजीच्या जुड्या असतात तशा.

ठाण्यावर आणल्यावर त्याचं एकच पालुपद. "ही पेटी माझी नाही. एक गृहस्थ ठेवून गेले. ही माणसं कोण, कुठली, मी कधी पाहिलेली नाहीत." दोन दिवस हेच. जमादार मला बाजूला घेऊन म्हणाले, "साहेब, एक कानाखाली?" मी नको म्हटलं. असली माणसं कोर्टात आधी वळ दाखवतात.

तिसऱ्या दुपारी मी पेटीतला एक दाखला उचलला. एका म्हाताऱ्या खलाशाचा. तो प्रत्येक वाक्याआधी घसा खाकरायचा. मी तसाच खाकरलो आणि त्याची जबानी त्याच्याच आवाजात म्हटली. कोटवाल्याच्या ओठाच्या कोपऱ्यात हसू आलं. मग मिठागरवाल्याचा आवाज काढला. हसू वाढलं. मग मान वाकडी केली आणि म्हटलं, "सायब, मना नोकरी लागली."

तो खदखदून हसला. "अगदी तोच. तो उंच सुतार. दाखला देताना दोनदा हात मागे घेतला त्याने. मी म्हटलं, अहो, सरकारवर विश्वास नाही का तुमचा? तेव्हा दिला."

जमादारांचं लिहिणं थांबलं. मग कोटवाल्याच्याही लक्षात आलं. कधी न पाहिलेल्या माणसाने हात किती वेळा मागे घेतला, हे याला कसं माहीत?

मी टेबलाची कड घट्ट धरून बसलो होतो. ती सोडली असती तर जमादारांच्या आधी माझाच हात उठला असता. पोलिसापुढचा कबुलीजबाब कोर्टात चालत नाही, हे मला माहीत होतं. पण त्यानंतर तो ढिला पडला. विरारच्या खोलीत आढ्यावर लपवलेला शिक्का आणि उरलेले दाखले त्याने पंचांसमोर स्वतः काढून दिले. ओळख परेडीत एकेका फिर्यादीने त्याच्यावर बोट ठेवलं. शिक्षा झाली, पण सुताराच्या बेकारीपेक्षा फार मोठी नाही.

आता तुम्हाला वाटेल, सुताराचं काम झालं. दाखला सापडला, पण खटला संपेपर्यंत तो मुद्देमाल म्हणून कोर्टाच्या ताब्यात. मी गणवेशात त्या खिडकीवर गेलो. कारकून म्हणाला, मूळ दाखला आणा. म्हटलं, तो कोर्टात आहे, ही पंचनाम्याची नक्कल. म्हणाला, नक्कल चालत नाही, खटला संपल्यावर या. मी म्हटलं, अहो, हा माणूस तुमच्यासमोर उभा आहे, मी फौजदार सांगतोय की हा तोच आहे. तो म्हणाला, माणसावरून नोंद होत नाही. इतकी वर्षं झाली, त्या कारकुनाचा आवाज मला अजून जसाच्या तसा काढता येतो. पण काढवत नाही.

शेवटी कारखान्याच्या फोरमनकडे गेलो. म्हातारा माणूस, कानावर पेन्सिल. त्याने सगळं ऐकलं. "माझ्या यादीत या नावाचा सुतार आहे," तो म्हणाला, "आणि या नावाचा सुतार आलाय. यात बदल तो काय झाला?" एक फळी पुढे ढकलली, सांधा करायला सांगितला. आमच्या सुताराने पिशवीतून करवत काढली. फोरमनने सांधा बोटाने चाचपला आणि म्हणाला, "उद्या आठला ये."

दुसऱ्या सुताराला मी आरोपी केलं नाही, साक्षीदार केलं. वरून विचारणा झाली, मी उत्तर लिहून पाठवलं. जबानीवर सही करून तो उठला आणि म्हणाला, "साहेब, आता मी कुठल्या खिडकीवर जाऊ?" त्याच्यासाठी तेव्हा कुठलीच खिडकी नव्हती.

या केसने मला काय शिकवलं म्हणाल, तर हे. लोक भोळे होते म्हणून फसले, असं मला पुष्कळांनी ऐकवलं. खोटं आहे. मदत कुठं मिळते, कशी मिळते, हे सांगायला त्या गावांत एकच माणूस गेला होता, आणि तो भामटा होता. त्याने कागद टाइप केला, दवंडी पिटवली, फादरच्या दारात उभा राहिला. सरकारने यातलं काय केलं? फुकटची खिडकी उघडली आणि ती फुकट आहे हे कुणाला कळू दिलं नाही. चोराने मेहनत घेतली, आणि ज्यांना त्याचा पगार होता त्यांनी घेतली नाही.

पुढे ती कचेरी सगळ्या बेकारांसाठी खुली झाली. त्यानंतर मी ज्या ज्या ठाण्यावर गेलो तिथं बाहेर फळा लावला आणि माझ्या हाताने लिहिलं: नोकरीसाठी नाव नोंदवणं फुकट आहे, मूळ कागद कुणाला देऊ नका. त्यावरून दोन वेळा साहेबांची बोलणी खाल्ली, फळा काढला नाही. एकदा असाच एक मिठागरावरचा म्हातारा त्या फळ्यासमोर बराच वेळ उभा दिसला. त्याच्या मुलाला कामावरून काढलं होतं. मी बाहेर गेलो.

"काय लिवलाय, फौजदार?" त्याने विचारलं.

"तुमच्यासाठीच आहे, बाबा. वाचा."

"वाचता येत नाय," तो म्हणाला, आणि कनवटीला हात घातला. "वाचून दाकवायचं किती घेता?"