सावनेरला पाठवलेला कुत्रा

आमच्या घरी कुत्रा आला तो सासूबाईंना न विचारता. नवरा तेव्हा सावनेरजवळच्या कोळशाच्या खाणीत कारकून होता. आठवडाभर तिकडच्याच खोलीवर राहायचा आणि शनिवारी संध्याकाळी धरमपेठेत घरी यायचा. खाणीतल्या एका साहेबांची बदली झाली. त्यांचा पांढरा, झुबकेदार शेपटीचा पामेरियन घ्यायला कुणी तयार होईना, म्हणून एका शनिवारी नवऱ्यानं तो कापडी पिशवीत घालून आणला. पिशवीतून फक्त डोकं बाहेर.

"घरात पोट्टी रांगून राहिली अन् तू कुत्रं घेऊन आला?" सासूबाई म्हणाल्या. "मागं बांध त्याले. माह्या सैपाकघरात त्याचं तोंड दिसलं तर पाह्य मग."

मागच्या अंगणात मोरीजवळ टिनाचं छप्पर होतं, तिथे त्याची सोय झाली. सासूबाई त्याला नावानं कधी हाक मारत नसत. "ए पांढऱ्या, हट," एवढंच. मी मुलींच्या शाळेत शिकवत होते. सकाळी जायची ते दुपार कलल्यावर परत यायची. तोवर घरात सासूबाई, माझी दहा महिन्यांची मुलगी आणि मागे तो कुत्रा. सासूबाई आणि कुत्रा या दोघांचं दिवसभर कसं जमत असेल, असा प्रश्न मला पडायचा. उत्तर शोधायला मात्र मला वेळ नव्हता.

पाऊस सुरू झाल्यावर त्याचे केस कधी पूर्ण वाळेचनात. मी त्याला आंघोळ घालायची, वरवर पुसायची आणि छपराखाली बांधून शाळा गाठायची. एके दिवशी त्याच्या कानामागे एक गोल चट्टा दिसला. केस गेलेले, कडा लाल, मध्ये राखेसारखा कोंडा. रिक्षावाला बाहेर घंटी वाजवत होता. रविवारी बघू म्हणून मी निघून गेले. रविवारपर्यंत चट्टे मानेवर आणि पुढच्या पायावर आले होते.

पुढच्या खेपेला नवऱ्यानं खाणीच्या वर्कशॉपमधून जळक्या ऑइलचा डबा आणला. "तिकडं सगळ्या कुत्र्याइले हेच लावतात. दोन हप्त्यांत साफ," तो म्हणाला. त्यानं कुत्र्याला धरलं आणि मी चिंधीनं ते काळं, उग्र वासाचं तेल त्या चट्ट्यांवर चोळलं. नुसतं लावलं असतं तरी एक वेळ ठीक, मी चोळलं. नीट बसावं म्हणून. तो आधी ओरडला, मग ओरडायचा थांबला आणि नुसता थरथरत राहिला. सासूबाई दारात येऊन उभ्या होत्या.

"मुक्या जिवाले काहून जाळून राहिले?" त्या म्हणाल्या.

मला तो टोमणा वाटला. आधीच कुत्रा नको होता, आता बोलायची संधी मिळाली, असं.

त्यानं ते तेल चाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळपासून उलट्या सुरू झाल्या आणि चट्ट्यांच्या जागी कातडी लालबुंद होऊन सोलली. मी शाळेत रजा कळवली, त्याला जुन्या चादरीत गुंडाळलं आणि रिक्षानं गुरांच्या दवाखान्यात नेलं. तिथे बैल, म्हशी, एक शेळी, आणि त्यांच्यात मी चादरीतला कुत्रा घेऊन बसलेली.

डॉक्टरांनी चादर बाजूला केली आणि सोललेली जागा बोटानं चाचपून पाहिली. मग म्हणाले, "बाई, हे तुम्ही स्वतःच्या हाताला आधी लावून पाहिलं होतं का?"

मी मान खाली घातली. त्यांनी ब्लेडनं चट्ट्याच्या कडेची कातडी हलकेच खरवडली, काचेवर घेतली, आतल्या खोलीत जाऊन पाहून आले. "नायटा आहे. बुरशी. पावसाळ्यात ओल्या केसांत वाढते. बरा होतो, पण चिकाटी लागेल." केस कापा, रोज एक गोळी तुपात घालून द्या, मलम लावा, अंथरूण उकळत्या पाण्यातून काढा, असं त्यांनी समजावलं. शेवटी म्हणाले, "हा माणसांनाही लागतो. घरात कुणाला खाज आहे का?"

"नाही," मी म्हणाले. मी घरात कुणालाही विचारलेलं नव्हतं. तेव्हा ते खरंही असेल. पण नंतरही जेव्हा जेव्हा त्यांनी विचारलं, तेव्हा मी तेच उत्तर दिलं.

घरी आल्यावर मी नियम केले. मास्तरीण होते, नियम करायची सवय होती. कुत्र्याला माझ्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. मी लावला तर साबणानं धुवायचा. त्याची साखळी आखूड करायची, म्हणजे तो मोरीपलीकडे येणार नाही. मुलीला मागच्या दाराकडे न्यायचं नाही. "तुम्हीपण त्याच्याजवळ जाऊ नका," मी सासूबाईंना बजावलं.

"मी कशाले जाऊ त्याच्यापाशी?" त्या म्हणाल्या आणि तांदूळ निवडत राहिल्या.

मी मनापासून केलं सगळं. केस कापले तेव्हा कळलं, तो झुबक्याच्या आत किती लहान होता. मलम लावताना तो माझ्या हाताकडे बघायचा आणि अंग चोरायचा. तेलाची आठवण त्याच्या अंगात राहिली होती. काम झालं की मी लगेच आत यायची. मागून त्याचं कुईकुई ऐकू यायचं, आणि मी स्वतःला सांगायची, हे त्याच्या भल्यासाठी आहे.

चट्टे भरत आले. पायावर लव फुटली. आणि मग हनुवटीखाली नवा चट्टा आला, गळ्यावर आणखी एक. डॉक्टर चक्रावले. "गोळी पोटात जाते ना? मग पुन्हा कुठून येतो?" मी अंथरूण दोनदा उकळलं, पत्र्यावर चुना मारला. काही फरक पडला नाही.

पोळ्याच्या आधीचा शनिवार असेल. मी शाळेतून आले, मुलीला सासूबाईंच्या कडेवरून घेतलं आणि तिच्या डाव्या गालावर मला ते दिसलं. लाल, गोल, कडेला बारीक पुटकुळ्या. मी किंचाळलेच. संध्याकाळी नवरा आला तेव्हा मी दारातच रडत होते.

"साखळी सुटली असंल," तो म्हणाला.

"साखळी सुटली नव्हती."

"मग माशाइनं आणलं असंल. कुठून का येईना, आलं तर त्याच्याचकडून ना?" मग तो म्हणाला, "मी सोमवारी घेऊन जातो त्याले."

मी नको म्हणाले नाही. मुलीच्या गालाकडे बघत होते आणि मनात म्हणत होते, ने बाबा, आजच ने. सासूबाई आमच्याकडे पाठ करून चुलीपाशी बसल्या होत्या. कुत्र्याचं तोंड बघायची इच्छा नसलेल्या बाईनं आता तरी 'मी म्हटलं नव्हतं का' असं म्हणायला हवं होतं. त्या चुलीतली लाकडं पुढे सरकवत राहिल्या.

सोमवारी पहाटे खाणीकडे रिकामा परतणारा ओळखीचा ट्रक कोपऱ्यावर थांबला. नवरा कुत्र्याला घेऊन निघाला तशा सासूबाई लगबगीनं बाहेर आल्या. त्यांच्या हातात तूप लावलेली पोळीची गुंडाळी होती.

"याच्यात त्याची आजची गोळी हाय," त्या म्हणाल्या. "खाल्ल्याबिगर सोडू नको."

गोळी कशात द्यायची हे त्यांना माहीत होतं, याचं मला नवल वाटलं. तेवढंच.

पोळा झाला. दुसऱ्या दिवशी मारबत. रोगराई सोबत नेणाऱ्या त्या पुतळ्याची मिरवणूक तिकडे इतवारीच्या बाजूनं निघते, पण सकाळी घरोघरी दारात उभं राहून ईडापीडा घालवायची चाल आमच्या आळीतही होती. शेजारच्या काकू झाडू घेऊन फाटकात उभ्या राहून ओरडल्या, "खोकला, खरूज, रोगराई घेऊन जा गे मारबत!" मग मला पाहून हसून म्हणाल्या, "तुमचा नायटा त सावनेरले गेला म्हणा आधीच."

मीही हसले आणि आत आले. सासूबाई सैपाकघराच्या दाराला धरून उभ्या होत्या. त्यांनी ते ऐकलं होतं.

"त्याचा नव्हता वं तो," त्या म्हणाल्या.

"काय?"

"पोट्टीच्या गालावरचा. त्याचा नव्हता. माहा होता."

त्यांनी कोपरापर्यंत येणारी चोळीची बाही वर सरकवली. दंडाच्या आतल्या बाजूला, कोपराच्या जरा वर, दोन मोठी कडी एकमेकांत अडकल्यासारखी उठली होती. खाजवून खाजवून कडा काळ्या पडलेल्या. मुलगी झोपताना त्यांच्या हातावर डोकं ठेवायची, तेव्हा तिचा गाल बरोबर तिथे यायचा.

"कधीपासून आहे हे?"

"झाले बहू दिस. तू शाळेत गेली का पोट्टी झोपे अन् हा मागं रडे. आखूड साखळी, बसता येईना धड. मग मी मोरीच्या दगडावर जाऊन बसत होती. तो हनुवटी माह्या हातावर ठेवून झोपून जाये." त्यांनी बाही खाली ओढली. "तुह्या साबणानं धूत होती मी हात. पण दंड कोण धुते?"

"आई, मला सांगायचं नाही का?"

"सांगितलं असतं त तू पोट्टी माह्या हाती दिली असती?"

दिली नसती. त्यांनाही ते ठाऊक होतं.

"तुमी त्याले नेऊन राहिले होते तवा बोलायचं होतं मले," त्या म्हणाल्या. "तोंडापर्यंत आलं होतं. पण मनात म्हटलं, कुत्रं जाईन, पोट्टी त राहीन. असं म्हटलं मी." आणि तिथेच उंबऱ्याजवळ बसून त्यांनी पदर तोंडाशी धरला.

माझा राग मुलीच्या गालापाशी सुरू झाला आणि कुठे जाऊन थांबावं ते त्याला कळेना. त्यांच्यावर ओरडावं तर त्यांनी लपवलं ते माझ्या धाकानं. मी केलेल्या नियमांतला एक मोडला होता आणि तो मोडणारीच त्या घरात कुत्र्याला माणसासारखी वागवत होती. रोज मलम लावून साबणानं हात धुणारी मी त्याच्याजवळ एकदाही बसले नव्हते.

त्याच दिवशी मी त्यांना आणि मुलीला चामडीच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी दोघींनाही औषध दिलं. कुत्र्याचा नायटा सासूबाईंना, सासूबाईंचा मुलीला आणि परत कुत्र्याला, असं ते चक्र फिरत होतं म्हणाले. सगळ्यांचं औषध एकदम केलं तरच थांबेल.

"सगळ्यांचं म्हणजे?" बाहेर आल्यावर सासूबाईंनी विचारलं. "मग त्याले घेऊन याव लागंन."

दुसऱ्या दिवशी आम्ही एस.टी.नं सावनेरला गेलो. मुलगी माझ्या मांडीवर, सासूबाई खिडकीशी, दंडावर मलम आणि पट्टी. खाणीच्या ऑफिसात आम्हाला बघून नवऱ्याचा चेहराच उतरला.

"आई, तू काहून आली वं?"

"कुत्रं कुठं हाय?"

तो माझ्याकडे बघेना. खोलीतल्या जोडीदारानं चट्टे पाहून कुत्र्याला आत घेऊ दिलं नव्हतं. म्हणून त्यानं गावाबाहेर एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या गोठ्यापाशी तो बांधला होता. भाकर टाकायला सांगितलं होतं. गोळ्या तर त्याच्या खिशातच होत्या.

पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, वावरातून चिखल तुडवत आम्ही गेलो. गोठ्यामागे कडुनिंबाला काथ्याच्या दोरीनं तो बांधलेला होता. केस नसलेला, चिखलानं माखलेला. मी आधी ओळखलंच नाही. मला पाहून तो मागे सरकला, दोरी ताणली जाईपर्यंत. मग त्याला सासूबाई दिसल्या. तो भुंकला नाही. पोटावर सपाट झाला आणि तसाच सरपटत त्यांच्या पायांपर्यंत आला.

सासूबाई चिखलात खाली बसल्या. त्यांनी त्याला उचललं नाही, हातही लावला नाही. पट्टीचा हात पाठीमागे धरून ठेवला. "मी चुकली रे लेका," एवढंच म्हणत राहिल्या. नवरा दोरी सोडायला वाकला. गाठ पाण्यानं फुगून घट्ट बसली होती, ती त्याला सुटेना. शेवटी शेतकऱ्यानं विळा आणून ती कापली.

चादरीत गुंडाळून त्याला घरी आणलं. मग त्या पावसाळ्याच्या उरलेल्या दिवसांत आमच्याकडे तिघांना औषध चालू होतं. मुलीचा गाल सगळ्यांत आधी साफ झाला. सासूबाईंच्या दंडावर काळपट डाग राहिला. दिवाळीपर्यंत कुत्र्याचे केस पुन्हा आले, आधीपेक्षा जरा विरळ. डॉक्टरांनी बरा झाला म्हणून सांगितलं त्या दिवशी मी साखळी काढून टाकली आणि मागचं दार सताड उघडं ठेवलं.

तो आत आला नाही. सासूबाईंनी हाका मारल्या, सैपाकघरातून पोळीचा तुकडा दाखवला. दारापर्यंत यायचा, आत बघायचा, आणि परत मोरीच्या दगडापाशी जाऊन बसायचा. सक्तीनं आत उचलून आणला तर कोपऱ्यात थरथरत उभा राहायचा. खाली ठेवला की बाहेर. पुढे तो आमच्याकडे कितीतरी वर्षं राहिला, मुलगी त्याच्या शेपटीला धरून चालायला शिकली, पण घरात तो कधीच आला नाही.

"कुत्र्याची जात हाय, सवय मोडली असंल," नवरा म्हणायचा.

दुपारी वाढून घेतलेलं ताट उचलून सासूबाई मागे जायच्या आणि त्याच्या शेजारी दगडावर बसून जेवायच्या. सुट्टीच्या दिवशी मी घरी असले की मला दारातून त्यांची पाठ दिसायची. कधीतरी मीही माझं ताट घेऊन तिकडे जाऊन बसायची. त्या थोडं सरकून मला जागा करून द्यायच्या. कुत्रा मात्र माझ्या बाजूचा पाय अंगाखाली ओढून घ्यायचा.