पाणी भरायची माफी

अकोल्याला मी शाळेच्या बोर्डिंगात राहायचो. बार्शीटाकळीकडच्या खेड्यातून आलेल्या पोराला अकोला म्हणजे विलायतच. सोयीही तशाच होत्या. वाचनालय होतं, ते एका कपाटात होतं आणि किल्ली हेडमास्तरांकडे होती. मैदान होतं, त्यात बाभळीचे काटे होते. नळसुद्धा होता. पाणी विहिरीवरून आणावं लागे.

त्यासाठी पाळ्या होत्या. रोज सकाळी दोघांनी मिळून पिण्याचे दोन रांजण भरायचे. आज कोणाची पाळी ते मी सांगायचो, कारण मी मॉनिटर होतो. आणि मॉनिटर होतो कारण मी कधी कोणाला दुखवत नसे. तो माझा गुण समजला जाई. मीही तसंच समजत होतो.

होळीच्या सुमाराला एक नवा मुलगा राहायला आला. त्याच्या घरच्यांनी छप्पन साली बौद्ध धर्माची दीक्षा घेतली होती. वडील रेल्वेत. गणितात तो माझ्या पुढे होता आणि पंगतीत टोकाला बसे. ती जागा मीच त्याला दाखवली होती. पाण्याची पाळी मात्र मी त्याला लावलीच नाही. त्याचे कष्ट वाचले, पोरांची कुरकुर वाचली, असा माझा हिशेब.

ऊन तापायला लागल्यावर एक दिवस त्यानं विचारलं, "माही पाळी कधी येते?"

"तुले माफ आहे."

"काहून?"

"काहून काय? मजा कर ना लेका."

"गुन्हा केला त्याले माफ करते, भाऊ. मी काय केलं? उद्या मी भरतो. नाही म्हणशीन तं बिस्तरा बांधतो, आन हेडमास्तरले सांगून जातो काहून चाललो ते."

भर म्हटलं.

सकाळी दोन्ही रांजण त्यानं एकट्यानंच भरले. जोडीदाराचं पोट दुखत होतं. दहाच्या सुमाराला बाकीच्यांचंही दुखायला लागलं. रांजण काठोकाठ, गडू पालथा, आणि तो शेजारी पुस्तक उघडून बसलेला.

"आज सगळ्यायचा उपास हाये काय?" त्यानं मान वर न करता विचारलं.

दुपारी, ज्याचं पोट सगळ्यांत जास्त दुखत होतं तोच उठला. गडूभर पाणी प्याला, "मंग काय मरू?" म्हणाला आणि आणखी एक गडू प्याला. मग रांग लागली.

मी त्या रांगेत नव्हतो. घरी कळलं तर आई काय म्हणेल, या धास्तीनं मी भर उन्हात बसस्टँडवर गेलो आणि तिथल्या हॉटेलात दोन गिलास पाणी प्यालो. ते कोणी भरलं होतं, हे विचारायचं मला सुचलं नाही.

परत आलो तेव्हा तो रिकामे रांजण विसळत होता.

"तू पेला?"

"पेलो."

"थंड होतं?"

"थंड होतं."

एवढंच बोलणं झालं. दुसऱ्या दिवसापासून त्याला रीतसर पाळी लागली. जोडीदार कोण हवा विचारलं, तर त्यानं मलाच मागून घेतलं.

"तू पहिल्या दिवसापासून माह्या संग होता," तो म्हणाला.

मी नाही म्हणालो नाही. बादली उचलली आणि त्याच्यामागून विहिरीकडे निघालो.