धोंड्याच्या महिन्यातला पोकर

मी सासऱ्यांना फसवलं, तेही अधिक महिन्यात, त्यांच्याच घरचे अनारसे खाऊन.

सासरे फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले, साताऱ्यात राहतात. धोंड्याच्या जेवणाला म्हणून गेलो आणि आठवडाभर राहिलो, तेव्हा त्यांनी मला पोकर शिकवला. प्रत्येकाच्या हातात दोन पत्ते, पाच मध्ये उघडे. सातांतले चांगले पाच जुळवायचे. पैशांऐवजी शेंगदाणे.

"पत्त्याकडं न्हाई, माणसाच्या तोंडाकडं बघा," ते सांगायचे. "हातात काय नसलं तरी लय हाय असं दाखवायचं. समोरच्यानं भिऊन पत्ते टाकले, की डाव आपला."

हे मला पाप वाटायचं. पण मी रोज जिंकत होतो. आपल्यात काहीतरी उपजत आहे, असं मी ऑफिसात फोन करून कळवलंही.

शेवटच्या दिवशी एकच डाव ठरला. कुंडलच्या त्यांच्या चुलतभावाने वास्तुशांतीचं चार तासांचं शूटिंग केलं होतं. ते बघायला घरातून कुणीतरी जाणं भाग होतं. हरेल तो जाणार.

माझ्याकडे सत्ती आणि दुर्री. मधल्या पाचांशी काहीच जुळेना. मी सगळे शेंगदाणे पुढे ढकलले. सासऱ्यांनी माझ्या तोंडाकडे बराच वेळ पाहिलं आणि पत्ते पालथे टाकले.

मला राहवेना. "मामा, माझ्याकडं काहीच नव्हतं."

त्यांनी आपले पत्ते उलटले. दोन राजे. तिसरा मध्ये पडलेलाच होता.

"मग टाकले का?"

"तुमच्या सासूबाईंची ऑर्डर. अधिकात जावयाला हरवायचं न्हाई."

"आवं, सांगताय कशाला?" स्वयंपाकघरातून सासूबाई ओरडल्या.

म्हणजे आठवडाभर मी नव्हे, माझा मान जिंकत होता. मी म्हणालो, मीच जातो. ते म्हणाले, जावयाला एकट्याला धाडलं तर भावकी काय म्हणेल? शेवटी दोघंही गेलो.

तासाभराने पडद्यावर अजून मंडपच बांधत होते. सासरे कपाळ दाबत उठले. "दादा, माझ्या गोळीची वेळ झाली. घरीच राहिली बघ. मी निघतो, पण जावई बसतील. त्यांना लय आवड हाय."

चुलतभावाने आनंदाने माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली.

सासऱ्यांनी गोळी सकाळीच घेतली होती. पाणी मीच दिलं होतं.