ड्वोराकला बसवा

डेल्मर होक्स्ट्राने अडतीस वर्षं आयोवातल्या शेतघरांना गॅस पोचवणारा ट्रक चालवला. तेवढ्या काळात 'गॅसवाला' याखेरीज दुसऱ्या नावाने त्याला कुणी हाक मारल्याचं त्याच्या ऐकिवात नव्हतं. पण हंगामातल्या शनिवारी, विद्यापीठाच्या स्टेडियमबाहेर दक्षिणेकडच्या पार्किंगमध्ये, जिथे सामन्याआधी लोक गाड्यांमागे रांधून खातात-पितात, सातव्या रांगेत तो डेल्मर होता. तेवीस वर्षं होता. सकाळी सातला डिकीतून शेगडी उतरवायची, कोळसा पेटवायचा, बिअर आणि कांद्यात मुरवलेली सॉसेजेस वर मांडायची आणि सामना सुरू होईपर्यंत चिमटा कुणाच्या हाती द्यायचा नाही, हा त्याचा नेम. मुतारीत जाताना तो चिमटा मागच्या खिशात खोचून जातो, असं लॉइड सांगायचा. लॉइड त्याचा चाळीस वर्षांचा मित्र, तेव्हा ते खरंच असणार.

त्या वर्षी बगळ्यांचं काही खरं नव्हतं. बगळे म्हणजे विद्यापीठाचा अमेरिकन फुटबॉलचा संघ. हे नाव ज्याने ठेवलं त्याला नेमकं कुणाला घाबरवायचं होतं, देव जाणे. पाचांतले तीन सामने हरल्यावर गावात दोन तट पडले: क्वार्टरबॅक बदला म्हणणारे आणि बदलू नका म्हणणारे. चेंडू दर खेपेला क्वार्टरबॅकच्या हातात येतो, कुणाकडे फेकायचा ते तो ठरवतो, म्हणून शिव्याही सगळ्या त्याच्याच पदरात पडतात. कोलिन ड्वोराक कॉलेजच्या चौथ्या वर्षाचा, तीन हंगाम त्यानेच ओढून नेलेले, पण आता त्याचा चेंडू हवेतच दमायचा. जेस मॅडसन पहिल्या वर्षाचा. त्याचा सगळ्यात मोठा गुण म्हणजे त्याला खेळताना अजून कुणी पाहिलेलं नव्हतं.

डेल्मर बदला म्हणणाऱ्यांचा म्होरक्या होता. शेगडीमागे उभा राहून, चिमटा हवेत नाचवत तो बोलायला लागला की शेजारच्या रांगेतले लोकही खुर्च्या घेऊन यायचे.

"ड्वोराक पोरगा चांगला आहे, मी कुठे नाही म्हणतो?" तो म्हणायचा. "पण चांगुलपणाचे गुण मिळतात का फळ्यावर? इतकी वर्षं केलंस, उपकार झाले, आता बस. खरं सांगू, त्यालाही कळत असेल. तोंडावर सांगायला कुणी धजत नाही, एवढंच. माणसाची भीड पडते आणि सामना जातो."

लोक माना डोलवायचे. जरा जास्तच डोलवायचे आणि डोलवताना हातातल्या ताटाकडे बघायचे, हे डेल्मरच्या लक्षात आलं नाही. लक्षात न येण्याचं कारणही तेच होतं, ज्याच्यापायी लोक ताटाकडे बघत होते. दोन वर्षांपासून त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू धरला होता. सॉसेज बाहेरून करपलेलं आणि आतून कच्चं आहे, हे त्याला दिसायचं नाही. बायको आर्लिस डॉक्टरकडे चल म्हणून मागे लागली, तर तो म्हणायचा, ट्रक चालवत होतो तेव्हा दोन मैलांवरचं हरीण दिसायचं मला.

आता, या गावात माणसाच्या तोंडावर वाईट बोलायची रीत नाही. एखादा पदार्थ घशाखाली उतरेनासा झाला की लोक तो नीट चावतात, खिडकीबाहेर बघतात आणि म्हणतात, "वेगळंच झालंय." याहून कडक शब्द इथे नाही. डेल्मरच्या सॉसेजेसना दोन वर्षं सगळे 'वेगळीच' म्हणत होते आणि डेल्मर थँक्यू म्हणत होता. सातव्या रांगेत फिरणारी कुत्री मात्र अंगाने चांगलीच भरली होती.

मंगळवारी कोचने जाहीर केलं की शनिवारी मॅडसन खेळणार. डेल्मरने त्या दिवशी गावातल्या हॉटेलात कॉफी पिताना तीन टेबलांवर जाऊन लोकांशी हात मिळवले. कोचच्या कानात आपणच सांगितल्यासारखा तो गावभर मिरवत होता.

गुरुवारी दुपारी लॉइड ॲपल पाय, म्हणजे सफरचंदाचं सारण भरून भाजलेला गोड पदार्थ, घेऊन दारात उभा राहिला. आर्लिसने तो बघितला आणि ती मुकाट्याने आतल्या खोलीत गेली. गावात न मागता ॲपल पाय घरी येतो तो एक तर मयताला, नाहीतर तशाच काही कारणाला.

लॉइड बराच वेळ मक्याबद्दल बोलला. मग छताच्या गळतीबद्दल. शेवटी ॲपल पायच्या ताटलीशी बोलावं तसं तो म्हणाला, "डेल्मर, तू ड्वोराकबद्दल जे म्हणत होतास ना, ते आम्हां सगळ्यांना पटलं."

"पटणारच."

"तेच शेगडीबद्दलही पटलं." लॉइडने घसा साफ केला. "माझा जावई, ट्रेंट, त्याने धुरावर मांस शिजवायची नवी भट्टी घेतलीय. ट्रेलरवर येते. तेवीस वर्षं केलंस तू. उपकार आहेत तुझे. पण आता जरा... बस."

डेल्मरने उत्तर शोधलं. एकेक मुद्दा मनात काढून बघितला तर प्रत्येकाला त्याने आधीच उत्तर दिलेलं होतं, तेही चारचौघांत, मोठ्या आवाजात. अनुभव? अनुभवाचं काय लोणचं घालायचंय, असं तोच म्हणाला होता. मन दुखावेल? दुखावेल आणि बरं होईल, हेही त्याचंच. लॉइड गेल्यावर त्याने अर्धा ॲपल पाय एकट्याने खाल्ला. तो उत्तम झाला होता, त्याचाच त्याला जास्त राग आला.

शनिवारी त्याने शेगडी डिकीत टाकली. "कशाला?" आर्लिसने विचारलं. "जागा भरायला," तो म्हणाला.

सातव्या रांगेत त्याच्या जागेवर ट्रेंटची काळी भट्टी उभी होती, आगगाडीच्या इंजिनाएवढी. लोकांनी डेल्मरची पाठ थोपटली, काय मोठं मन तुझं म्हणाले, आणि त्याला खुर्ची दिली. तेवीस वर्षांत तो इथे पहिल्यांदाच बसला. बसल्यावर इथून नुसत्या लोकांच्या पाठी दिसतात, हे त्याला तेव्हा कळलं.

सामना अकराला होता. ट्रेंटने भट्टी सकाळी पाचला पेटवली होती आणि त्याचा तो मांसाचा अख्खा तुकडा शिजायला बारा तास लागत होते. हा हिशेब कुणीच केला नव्हता. साडेदहाला तीस माणसं रिकामी कागदी ताटं घेऊन उभी होती. ट्रेंट दर पाच मिनिटांनी झाकण उघडून आत बघत होता आणि कानापर्यंत लाल होत होता. मग एकेक नजर डेल्मरच्या गाडीच्या डिकीकडे वळायला लागली.

"डेल्मर," लॉइड म्हणाला, "तुझ्याकडे काही..."

"नवा आहे तो," डेल्मर पाय ताणून म्हणाला. "दोन-तीन आठवडे द्या पोराला."

तीस माणसं उपाशीपोटी स्टेडियममध्ये गेली. डेल्मरच्या कोटाच्या खिशात आर्लिसने केलेलं हॅमचं सँडविच होतं. तो ते चिमूट चिमूट तोडून, खोकल्याचं निमित्त करून तोंडात टाकत होता. इतका चविष्ट घास त्याने वर्षभरात खाल्ला नव्हता.

मैदानात मॅडसनने पहिल्या अर्ध्या तासात तीनदा चेंडू थेट समोरच्या संघाच्या हातात दिला. चौथ्यांदा दिला तेव्हा लोक उठून उभे राहिले. ज्यांनी महिनाभर ड्वोराकला बसवा म्हणून घसा कोरडा केला, तेच आता ड्वोराक, ड्वोराक ओरडत होते. लॉइडही ओरडत होता, आणि मधूनच डेल्मरकडे बघत होता.

ड्वोराक कडेला उभा होता. कोचने हात केला. डेल्मरला वाटलं, आता हा जरा वेळ लावेल. त्यांना थोडं तंगवेल. निदान हेल्मेट शोधायचं नाटक करेल. त्याच्या जागी मी असतो तर केलं असतं. पण ड्वोराकने हेल्मेट डोक्यात घातलं, बाहेर येणाऱ्या मॅडसनच्या पाठीवर थाप मारली आणि तो धावत आत गेला.

डेल्मरच्या तोंडात सँडविचचा शेवटचा घास होता. तो गिळताना त्याला स्वतःची लाज वाटली. तो उठला आणि निघाला. एकदा बाहेर पडलं की परत आत घेत नाहीत, हे त्याला ठाऊक होतं.

बगळे तीन गुणांनी हरले. लोक बाहेर आले तेव्हा तिसऱ्या क्वार्टरबॅकचं नाव काय, यावर वाद पेटला होता. सातव्या रांगेत डेल्मरची शेगडीही पेटली होती, भट्टीच्या शेजारी, जरा दबून. लोकांनी न बोलता ताटं पुढे केली. लॉइडने घास घेतला, चावला आणि सवयीने दूर झाडांकडे बघितलं.

"वेगळंच..." तो म्हणाला आणि थांबला. मग त्याने डेल्मरकडे बघितलं. "आतून कच्चं आहे, डेल्मर. दोन वर्षं कच्चंच असतं."

रांगेतल्या सगळ्यांनी आपापल्या बुटांकडे पाहिलं. चाळीस वर्षांत लॉइड डेल्मरशी इतकं सरळ पहिल्यांदाच बोलला होता, आणि नवल म्हणजे त्याला हलकं वाटलं.

"आण इकडे," तो म्हणाला. मग त्याने ट्रेंटला हाक मारली आणि चिमटा त्याच्या हातात दिला. "तुला दिसतंय ना नीट? मग तू उलट. कधी उलटायचं ते मी सांगतो."

भट्टीतलं मांस संध्याकाळी पाचला झालं. लोकांनी ते पुष्कळ वेळ चावलं आणि एकेकजण ट्रेंटला सांगून गेला, वेगळंच झालंय हं. ट्रेंट लाजून थँक्यू म्हणत होता.

"चामडं झालंय रे," डेल्मर त्याला म्हणाला. "पुढच्या वेळी आच कमी ठेव."

आणि आणखी घ्यायला त्याने आपलं ताट परत पुढे केलं.